हेडर सगळ्यांत शेवटी

डिअरबॉर्न, मिशिगन

चि. सायली हिस,


तुझे फोटो पोचले, आणि हेडरच्या, म्हणजे इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या जुडग्याच्या, तीन जाहिरातीही पोचल्या. एक लांब नळ्यांचा, एक आखूड आणि एक ‘खास १९५६ च्या एफ-१०० साठी’. “मामा, यातला कुठला मागवू ते एका ओळीत सांग,” असं तू लिहिलंस. एका ओळीतलं उत्तर असं: आज यातला एकही मागवू नकोस. पण नुसतं ‘नको’ म्हणून गप्प बसणं मामाला शोभत नाही, म्हणून सविस्तर लिहितो आहे. मी इथे मिशिगनमध्ये बसून तुझ्या ओहायोतल्या गॅरेजमधल्या शेळ्या हाकणार आहे, हे मला कळतं. तेव्हा जिथे तुझे डोळे आणि तुझी मोजपट्टी माझ्यापेक्षा वेगळं सांगतील, तिथे त्यांचं ऐक.

आधी तुझी गाडी नेमकी कुठली आहे ते ठरवू. कागदावर ती १९५६ ची फोर्ड एफ-१०० आहे. दोन्ही कडांना वळलेली ती समोरची काच या पिढीत फक्त त्याच वर्षी आली. ती बघूनच तू गाडीच्या प्रेमात पडलीस हे मला माहीत आहे. पण कारखान्यातून निघाली तेव्हा तिच्या पुढच्या चाकांखाली सरळ लोखंडी तुळईचा ॲक्सल होता, त्यावर पाटे होते आणि स्टिअरिंगचा बॉक्स चॅसिसच्या डाव्या रेलवर होता. आधीच्या मालकाने ते सगळं काढून टाकलं आणि तिथे मस्टँग टू पद्धतीचं सस्पेन्शन बसवलं. मस्टँग टू ही फोर्डची १९७४ ते १९७८ या काळातली छोटी गाडी. गाडी म्हणून तिची आज फारशी कुणी आठवण काढत नाही, पण तिचं पुढचं सस्पेन्शन मात्र अमर झालं. दोन्ही बाजूंना वर-खाली दोन आर्म, मध्ये कॉइल स्प्रिंग, पुढे रॅक अँड पिनियन स्टिअरिंग आणि हे सारं एका आटोपशीर क्रॉसमेंबरवर. जुन्या पिकअपवाल्यांना यापेक्षा सोयीचं काय हवं? आज त्याच नमुन्यावर नवे किट बनतात आणि चॅसिसला वेल्ड करून बसवले जातात.

इंजिन तिसऱ्याच काळातलं. फोर्डच्याच एक्सप्लोररमधलं ५.० लिटरचं व्ही-८, म्हणजे जुन्या ३०२ इंजिनाचंच शेवटचं रूप. तू त्याचं वर्ष १९९९ सांगितलंस. तर वरून १९५६, खालून १९७४ आणि मध्ये १९९९ अशी तुझी गाडी आहे. विक्रेत्याचा कॅटलॉग तुला तीन चौकटी भरायला लावतो: वर्ष, मॉडेल, इंजिन. तू खरी उत्तरं दिलीस तरी समोर येणारा हेडर चुकीचाच असणार. कारण तो बनवणाऱ्याने तुळईचा ॲक्सल आणि जुना स्टिअरिंग बॉक्स जागेवर आहेत असं धरून नळ्या वाकवल्या आहेत. आता तिथे दुसरंच बिऱ्हाड आहे. तो हेडर मागवणं म्हणजे थोरल्या बहिणीच्या मापाचं ब्लाऊज धाकटीसाठी शिवून आणण्यासारखं आहे. कापड उत्तम, शिलाई उत्तम, फक्त अंगात जात नाही.

म्हणून या पत्रातलं मुख्य सांगणं एवढंच की हेडर गाडीच्या नावाने घ्यायचा नसतो. इंजिनाच्या दोन्ही बाजूंना बाकी सगळं बसवून झाल्यावर जी मोकळी जागा उरते, तिच्या मापाने तो घ्यायचा. म्हणजेच तो सगळ्यांत शेवटी घ्यायचा. तुझ्या फोटोत इंजिन अजून साखळीला टांगलेलं दिसतं आहे. ते टांगलेलं असेपर्यंत ती जागा केवढी आणि कुठे आहे, हे तुलाही माहीत नाही आणि मलाही नाही.

तेव्हा क्रम असा ठेव. आधी इंजिन आणि गिअरबॉक्स आपापल्या माउंटवर बसव आणि बोल्ट आवळ. क्रॉसमेंबर ऑइल पॅनखालून जातो, त्यामुळे पॅनचा खोलगट भाग त्याच्या पुढे आहे की मागे, हे याच वेळी बघून घे. पॅन अडतो म्हणून पुढे कधी इंजिन अर्धा इंच वर उचलावं लागलं, तर तोवर केलेली सगळी मोजमापं पाण्यात गेली. इंजिन मधोमध ठेवायचं की किंचित उजवीकडे सरकवायचं, हेही आत्ताच ठरव. डावीकडे स्टिअरिंगला जागा मिळावी म्हणून बरेच कारागीर ते इंचभर उजवीकडे घेतात. तसं केलंस तर गिअरबॉक्सची शेपटीही तेवढीच सरकव, म्हणजे इंजिन तिरकं न बसता समांतर राहील. मग गाडीचं पूर्ण वजन चाकांवर येऊ दे. बॉनेट, रेडिएटर, बॅटरी यातलं जे बसवायचं राहिलं असेल, त्याच्या वजनाइतकी पोती पुढे ठेवलीस तरी चालेल. स्प्रिंगवर बसलेल्या गाडीची उंची आणि जॅकवर उचललेल्या गाडीची उंची यात आर्मची जागा बदलते, आणि आर्मच्या वरूनच तर नळ्या जायच्या आहेत.

यानंतर स्टिअरिंगचा शाफ्ट. सगळा तिढा इथेच आहे. मस्टँग टूचा रॅक ॲक्सलच्या पुढे असतो आणि तुझा स्टिअरिंग कॉलम केबिनच्या जमिनीतून उतरतो. म्हणजे शाफ्टला इंजिनाच्या डाव्या अंगाला लागून मागून पुढे जावं लागतं. फोर्डच्या मोजणीत या व्ही-८ चे उजवीकडचे सिलिंडर १ ते ४ आणि डावीकडचे ५ ते ८. कॉलम उतरतो तो आठव्याच्या आसपास, आणि तिथून पुढे तो शाफ्ट नेमका एक्झॉस्टच्या तोंडांसमोरून जातो. एकाच गल्लीत दोघांना घुसायचं आहे. त्यातल्या एकाने तुझा जीव सांभाळायचा आहे आणि दुसऱ्याने धूर बाहेर न्यायचा आहे. कुणी कुणाला वाट द्यायची, हे निराळं सांगायला नको. शाफ्टचा मार्ग आधी ठरेल. हेडर त्याला वळसा घालेल.

हा मार्ग ठरवताना युनिव्हर्सल जॉइंटचं गणित लक्षात ठेव. एका जॉइंटने ३५ अंशांपेक्षा जास्त वळण घेऊ नये. दोन जॉइंटमध्ये भागलं तर उत्तम. तीन लागले, तर मधल्या शाफ्टला चॅसिसवरून एक आधाराचं बेअरिंग द्यावंच लागतं, नाहीतर तो मधला तुकडा दोरीच्या उडीसारखा हेलकावतो. जॉइंटची दोन टोकं एकमेकांशी योग्य कोनात जुळली आहेत ना तेही बघ, नाहीतर चाक फिरवताना मध्येच जड आणि मध्येच हलकं लागतं. शाफ्ट बसला की चाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरव, आणि तेही गाडी जमिनीवर असताना आणि पुढची चाकं हवेत लोंबत असताना, दोन्ही वेळा.

डावीकडचा दुसरा भाडेकरू म्हणजे ब्रेकचा मास्टर सिलिंडर. १९५६ च्या या गाडीत ब्रेकचं पॅडल जमिनीतून वर येतं आणि मास्टर सिलिंडर केबिनच्या खाली, डाव्या रेलपाशी असतो. तुझ्या आधीच्या मालकाने पुढे डिस्क ब्रेक घातले तेव्हा नवा सिलिंडर आणि बूस्टर त्याच जागी बसवलेला फोटोत दिसतो आहे. आता लांब नळ्यांच्या हेडरचा कलेक्टर, म्हणजे चारही नळ्या जिथे एकत्र येतात तो भाग, नेमका याच सिलिंडरच्या शेजारी येऊन उभा राहतो. डॉट-३ ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू ताज्या डब्यात निदान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. हवेतली ओल शोषून घेतलेल्या जुन्या तेलात तो १४० पर्यंत उतरलेला चालतो. चढावर ओझं घेऊन गाडी हाकली की हेडर याच्या कितीतरी वर तापतो. तेल उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते आणि तुझं पॅडल नुसतंच जमिनीला टेकतं. कलेक्टर आणि सिलिंडर यांच्यात हात सहज जाईल एवढी जागा नसेल, तर तो हेडर कितीही देखणा असला तरी आपला नाही. त्या जागेतही मध्ये पत्र्याचा आडोसा लाव, आणि पत्रा दोन्हीकडून अर्धा इंच मोकळा ठेव. उष्णता थोपवण्याचं अर्धं काम ती मधली हवा करते.

डावीकडेच पुढच्या अंगाला ऑइल फिल्टर आहे. तो फिरवून काढायला तुझी मूठ आत जायला हवी. मागे गिअरबॉक्सच्या डाव्या कुशीत गिअर बदलण्याचा दांडा आहे. उजवी बाजू त्या मानाने सुखाची, पण तिथे स्टार्टर आहे. हेडर न काढता स्टार्टर काढता येतो का, हे आजच विचारून ठेव. दहा डिग्री थंडीत कोलंबसच्या एखाद्या पार्किंगमध्ये स्टार्टर बंद पडेल तेव्हा हा प्रश्न आपोआप आठवेल.

आता प्लगविषयी, कारण इथे भल्याभल्यांचे पैसे बुडतात. तुझ्या हेडच्या पुढच्या कोपऱ्यावर, टॅपेटच्या झाकणाच्या खाली, ओतीव लोखंडात उभ्या रेघा उठलेल्या दिसतील. तेल-माती पुसून त्या मोज. तीन असतील तर हेड जीटी-४०, चार असतील तर जीटी-४०पी. १९९९ चं एक्सप्लोरर इंजिन असेल तर चारच निघायला हव्यात. ‘पी’ हेडमध्ये प्लगचा कोन वेगळा आहे. जुन्या ३०२ साठी बनवलेल्या बऱ्याच हेडरची नळी नेमकी त्या प्लगच्या तोंडावर येते. हेडर बोल्टने बसतो, गॅस्केटही बसतं, सगळं छान दिसतं, आणि मग कळतं की प्लगची रबरी टोपी नळीला टेकली आहे. आठवड्यात टोपी जळते आणि इंजिन सात सिलिंडरवर ठुमकायला लागतं. १९८६ ते १९९३ च्या मस्टँगवरचे कारखान्याचे आखूड हेडर जुन्या बाजारात स्वस्त मिळतात, आणि तुला ते कुणीतरी नक्की सुचवेल. ते साध्या हेडसाठी ठीक आहेत. ‘पी’ हेडवर प्लगपाशी अडचण करतात. तेव्हा तुझ्या चौकशीतला पहिला प्रश्न हा: “हे जीटी-४०पी हेडसाठी बनवलं आहे का?” विक्रेता “३०२ ला बसतं” म्हणाला तर ते उत्तर नव्हे.

मोजायचं कसं? महागडी साधनं नकोत. हेडचं एक्झॉस्ट गॅस्केट पुठ्ठ्यावर ठेवून तोंडं आणि बोल्टची भोकं कापून घे, आणि तो पुठ्ठा हेडला बोल्टने लाव. हार्डवेअरच्या दुकानात १ १/२ इंची पातळ प्लॅस्टिकचा पाइप मिळतो. त्याचे तुकडे प्रत्येक तोंडाला धरून बघ, चिकटपट्टीने जोड आणि कोनात काप. तासाभरात तुला दिसेल की पाचवा आणि सहावा सिलिंडर गुमान खाली उतरतात, सातव्यासमोर शाफ्टचा जॉइंट येतो आणि आठव्याला मागे वळायला चार बोटं जागा आहे. हे एकदा हाताने अनुभवलं की जाहिरातीतले फोटो तुला वेगळेच दिसायला लागतील. प्रत्येक नळीपासून शाफ्ट, रेल, वरचा आर्म आणि स्प्रिंगचा टॉवर यांचं अंतर कागदावर लिहून ठेव. आर्मचं अंतर चाक पूर्ण वर दाबलेलं असताना मोज.

निदान अर्धा इंच फट हवी, म्हणजे १२-१३ मिलिमीटर. आता कागदावर पाव इंच पुरेल असं वाटेल, पण इंजिन रबरी माउंटवर बसलेलं असतं. ॲक्सिलरेटर दाबलास की क्रँकच्या उलट दिशेने ब्लॉक कलतो आणि त्याचं डावं अंग वर उचललं जातं. म्हणजे ज्या बाजूला शाफ्ट आहे, नेमकी तीच बाजू हलते. उभ्या गाडीत न लागणारा हेडर पूर्ण जोरात शाफ्टला घासू शकतो. ते बघायचं असेल तर डाव्या बाजूला पॅनच्या कडेखाली लाकूड ठेवून जॅकने इंजिन हलकेच अर्धा-पाऊण इंच उचल आणि फट पुन्हा मोज.

जागा कळली की प्रकार निवडणं सोपं आहे. बाजारात चार प्रकार दिसतील. लांब नळ्यांचा, ज्यात प्रत्येक नळी साधारण ३० इंच किंवा त्याहून जास्त लांब, मध्यम, आखूड किंवा ब्लॉकला चिकटून उतरणारा, आणि चौथा आपला जुना ओतीव लोखंडाचा मॅनिफोल्ड, ज्याला हेडर म्हणत नाहीत पण उमेदवार म्हणून बाद करू नये.

लांब नळ्यांचा फायदा खरा आहे, थाप नाही. व्हॉल्व्ह उघडला की दाबाची लाट नळीतून धावते, आणि नळी जिथे कलेक्टरमध्ये रुंद होते तिथून उलट स्वरूपाची, ओढून घेणारी लाट परत येते. ती योग्य वेळी व्हॉल्व्हपाशी पोचली तर सिलिंडरमधला उरलासुरला धूर ओढून काढते. तापलेल्या वायूत ही लाट सेकंदाला साधारण ५५० मीटर वेगाने जाते. आखूड हेडरच्या फूटभर नळीतून ती मिलिसेकंदाच्या आसपास परत येते. तेव्हा व्हॉल्व्ह नुकता उघडत असतो, आणि तिचा उपयोग होत नाही. दुसरी गोष्ट फायरिंग ऑर्डरची. तुझ्या इंजिनाची ती १-३-७-२-६-५-४-८ आहे. यात डावीकडचे ६ आणि ५ लागोपाठ पेटतात आणि उजवीकडचे १ आणि ३. क्रँकच्या ९० अंशांच्या अंतराने एकाच बाजूचे दोन धूर एकाच पाइपात शिरतात. लांब हेडरमध्ये ते बराच वेळ वेगळे राहतात. आखूड हेडरमध्ये लगेच एकमेकांच्या पायात येतात. म्हणून मधल्या आणि वरच्या आरपीएमला लांब नळ्या जिंकतात.

पण तू ही गाडी कशी चालवणार आहेस? ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, शनिवारी लाकूड आणायला, रविवारी फिरायला, हायवेवर २,००० ते २,५०० आरपीएम. तिथे लांब नळ्यांचं देणं थोडं आणि घेणं फार. डावीकडे शाफ्ट, मागे मास्टर सिलिंडर, आणि खाली तर बघायलाच नको. मस्टँग टूच्या किटने गाडी पुढून खाली आली आहे. कलेक्टर रेलच्या खाली लोंबला तर प्रत्येक स्पीडब्रेकरवर तुला त्याची आठवण येईल. माझं मत आखूड हेडरकडे आहे: ‘पी’ हेडसाठी बनवलेला, १ १/२ किंवा १ ५/८ इंची नळ्यांचा, ज्याचं तोंड खाली आणि किंचित मागे उतरतं. १ ३/४ इंची नळीच्या मोहात पडू नकोस. पाच लिटरच्या साध्या इंजिनाला ती ढगळ होते आणि धुराचा वेग मंदावतो. हरवलेल्या ताकदीची थोडी भरपाई पुढच्या पाइपमध्ये होते: डावी-उजवी बाजू गिअरबॉक्सखाली एका आडव्या जोडाने जोड. आवाजही त्याने खर्जात जातो, आणि शेजारी दुवा देतील.

आणि जागा त्याहूनही कमी निघाली तर ओतीव मॅनिफोल्ड लाव, त्यात कमीपणा मानू नकोस. तो शांत असतो, गॅस्केट खात नाही आणि तीस वर्षं टिकतो. त्याचं तोंड शाफ्टला चुकवून उतरतं का आणि ‘पी’ हेडच्या प्लगला जागा सोडतं का, एवढंच बघ. लोक हेडर दिसण्यासाठी लावतात हे मला माहीत आहे. पण तुझ्या गाडीचं बॉनेट बंद असतानाच ती जास्त सुंदर दिसते.

विक्रेत्याशी बोलताना गुळमुळीत बोलू नकोस. जाहिरातीत ‘मस्टँग टू सस्पेन्शनला चालतं’ असं लिहिलेलं असतं. विचार: कुठल्या कंपनीच्या किटवर बसवून पाहिलं? इंजिनाचे माउंट कुठले होते? एकेका कंपनीच्या क्रॉसमेंबरची उंची, टॉवरची रुंदी आणि माउंटची जागा वेगळी असते. सगळ्यांना सरसकट ‘मस्टँग टू’ म्हणण्यात अर्थ नाही. तोंडापासून कलेक्टरच्या टोकापर्यंतची मापं असलेलं रेखाचित्र माग, आणि ते तुझ्या पुठ्ठ्याशेजारी ठेवून बघ. परत घेण्याच्या अटी आधी वाच. न बसवलेला कोरा हेडर बहुतेक जण परत घेतात. बोल्टचा एक ओरखडा उठला की सूर बदलतो.

धातूबद्दल थोडक्यात. फ्लँज निदान ५/१६ इंच जाड असावी, ३/८ असेल तर आणखी बरं. पातळ फ्लँज तापून वाकते आणि गळती सुरू होते. नळीचा पत्रा १६ गेजचा घे, १८ चा नको. ओहायोत हिवाळाभर रस्त्यावर मीठ पडतं, त्यामुळे साधा रंगवलेला पोलादी हेडर दोन-तीन हिवाळ्यांत तांबूस होऊन सोलायला लागेल. एकतर स्टेनलेस घे किंवा साध्या पोलादावर आतून-बाहेरून सिरॅमिकचा लेप करून घे. मात्र लेपाला पाठवण्याआधी तो गाडीवर संपूर्ण बसवून, चाक फिरवून, प्लग काढून-घालून बघ. लेपानंतर कापाकापी आली तर दोन्ही खर्च वाया जातात. कापडी पट्टी गुंडाळण्याचा सल्ला कुणी देईल. मिठाच्या मुलखात ती पट्टी ओल धरून ठेवते आणि नळी आतल्या आत कुजते. शाफ्टजवळ उष्णता रोखायची असेल तर तिथेही पत्र्याचाच आडोसा.

तू फ्युएल इंजेक्शन ठेवलं आहेस, म्हणजे दोन्ही बाजूंना ऑक्सिजन सेन्सर लागणार. त्याचा आटा १८ मिलिमीटरचा असतो. आखूड हेडरवर ही जागा बहुतेक कलेक्टरच्या लगेच खालच्या पाइपवर काढावी लागते. सेन्सर आडवा किंवा उलटा लावू नकोस. त्याचं टोक खाली आणि वायर वर राहील असा, आडव्या रेषेच्या निदान दहा अंश वर कललेला हवा. नाहीतर सकाळी पाइपमध्ये साचलेलं पाणी त्याला मारतं.

बसवताना बोल्ट मधून सुरू करून बाहेरच्या टोकांकडे आवळत जा, दोन-तीन फेऱ्यांत. ३/८ इंची बोल्टचं नेहमीचं डोकं नळीच्या वळणात अडतं आणि पाना फिरत नाही. लहान डोक्याचे बाराकोनी बोल्ट घे. इंजिन एकदा पूर्ण तापवून पूर्ण थंड होऊ दे आणि पुन्हा आवळ. शेदोनशे मैलांनंतर परत एकदा. मागच्या पाइपचं आणि मफलरचं वजन चॅसिसवरच्या हँगरने पेलायला हवं. ते हेडरला लोंबत ठेवलंस तर तडा फ्लँजच्या वेल्डपाशीच जाणार.

आणि समजा, हे सगळं करून तयार हेडरपैकी उजवा बसला आणि डावा नाहीच बसला, तर हताश होऊ नकोस. एक्झॉस्टचं काम करणाऱ्या चांगल्या वेल्डरकडे जा आणि फक्त डावा बनवून घे. तुझा पुठ्ठा आणि चिकटपट्टी लावलेले प्लॅस्टिकचे तुकडे त्याच्यासमोर ठेवलेस, तर त्याचं निम्मं काम झालेलं असेल आणि तुझे तेवढे डॉलर वाचतील. शाफ्टला जागा करायला नळीवर हातोड्याने खळगा मारून देणारेही भेटतील. पाव इंचाच्या खळग्याने इंजिनाचं फार बिघडत नाही, पण ज्याला खळगा पाडून फट मिळवावी लागते, त्याने मापं घेतलेली नसतात. आणि शाफ्ट कापून, जॉइंट जास्त वाकवून हेडर बसवून देतो असं कुणी म्हणालं, तर त्याच्या दारातून उलट्या पावली परत ये.

तेव्हा या शनिवार-रविवारची कामं: इंजिन माउंटवर, गाडी चाकांवर, शाफ्ट जागेवर. मग हेडच्या कोपऱ्यावरच्या रेघा मोज, पुठ्ठा काप, आणि डावीकडची अंतरं मला फोनवर वाचून दाखव. त्यानंतर त्या तीन जाहिरातींतली एखादी उरली तर मी स्वतः म्हणेन, मागव. आईला माझा नमस्कार सांग. तिला गाडीचं बिल दाखवू नकोस.

तुझा,
मामा

ता. क. हेडरच्या गॅस्केटमधून गळती आहे का, हे थंड इंजिन चालू करून पहिल्याच मिनिटात ऐक. तापल्यावर फट बंद होते आणि टिकटिक थांबते. ती थांबली म्हणजे बरं झालं असं समजू नकोस. तुझ्या केबिनच्या जमिनीला जुन्या पॅडलची आणि कॉलमची भोकं अजून उघडी दिसतात. हेडर त्यांच्या बरोबर खाली-पुढे आहे, आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. ती भोकं पत्रा आणि रबर लावून बंद केल्याशिवाय काचा वर करून गाडी चालवायची नाही.